बागेतला गारवा कुठून येतो?

स्पेनमधल्या ग्रानादा शहरातला अल्हाम्ब्रा पाहून आलेले लोक नक्षीइतकंच तिथल्या बागेतल्या गारव्याबद्दल बोलतात. मूर सुलतानांनी १२३८ मध्ये हा राजवाडा टेकडीवर बांधायला घेतला आणि दारो नदीचं पाणी सुमारे ६ किलोमीटरच्या पाटानं वर आणलं. नदी उंचावर अडवायची, पाटाला बेताचा उतार द्यायचा, बाकीचं काम गुरुत्वाकर्षणाचं.

सुरतकरांना अशी बाग स्पेनच्या मानानं जवळ पाहता येते. छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा हा राजवाडा नव्हे, पण त्याची चारबाग, म्हणजे चार भागांत विभागलेली बाग, आणि अल्हाम्ब्राची बाग, दोन्हींचं मूळ इराणी उद्यानात आहे. मकबऱ्याच्या दरवाजावर वास्तुकार अताउल्ला आणि अभियंता हंसपत राय यांची नावं आहेत. सुरतेहून गोवळकोंड्याला निघालेल्या फ्रेंच प्रवासी ताव्हर्निएला वाटेत याच मकबऱ्यासाठीच्या संगमरवराच्या तीनशेवर गाड्या दिसल्या होत्या. सर्वांत लहान गाडीलाही १२ बैल!

अशा बागेतलं कारंजं उंचावरच्या पाण्यावर चालतं. टाकी ५ मीटर उंच असेल तर पाणी तोटीतून सेकंदाला सुमारे १० मीटर वेगानं सुटतं. घर्षण नसतं तर ते पुन्हा ५ मीटर चढलं असतं. प्रत्यक्षात थोडं कमी चढतं.

गारवा येतो बाष्पीभवनातून. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते. ती भोवतालच्या हवेतून घेतली, तर २,००० घनमीटर हवा एका अंशानं निवते. कारंजं पाण्याचे थेंब करतं, पृष्ठभाग वाढतो, वाफ लवकर होते. मला तरी नक्षीपेक्षा हीच करामत मोठी वाटते.

मात्र हवा कोरडी हवी. ग्रानादाचा उन्हाळा कोरडा, संभाजीनगरचा एप्रिलही कोरडा. सुरत समुद्राजवळ, इथली हवा बराच काळ दमट असते आणि दमट हवेत वाफ सावकाश होते. इथं झुळूक आणि सावली जास्त उपयोगी. सुरतेतल्या १६४४ च्या मुघल सराईत, म्हणजे आजच्या महापालिकेच्या इमारतीत, मधोमध मोकळा चौक आहे. नव्या इमारतीपुढे केवळ गारव्यासाठी कारंजं बसवणं सुरतेत फारसं फळणार नाही.

खात्री करायची असेल तर दोन तापमापक घ्या. एकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळा आणि दोन्हींना पंख्याचा वारा द्या. सुरतेत पावसाळ्यात फरक थोडाच दिसेल. एप्रिलमध्ये मकबऱ्याला जाल तेव्हा दोन्ही तापमापक सोबत न्या आणि मुलांनाच आकडे वाचू द्या.