सासूबाईंचा कान आणि आठ पायांचा किडा

दिवाळीला सासुरवाडीस गेलेल्या जावयाने लोडाला टेकून चार दिवस अनारशांचा समाचार घ्यावा, अशी आपल्याकडची जुनी रीत आहे. गेल्या दिवाळीत मी ती मोडली. पाडव्याच्या दुपारी बीबीच्या घरच्या ओसरीवर मी आणि माझा भाचा असे दोघे कथील वितळवीत बसलो होतो, आणि घरातल्या बायका येता-जाता नाकाला पदर लावीत होत्या.

बीबी हे आमच्या सौभाग्यवतींचे माहेर. बुलढाणा जिल्ह्यात, लोणार तालुक्यात. उल्का पडून झालेले लोणारचे विवर पाहायला लोक दुरून येतात. बीबीला मुद्दाम यावे असे त्यांना काही सापडत नाही. मला मात्र तिथे जायला आवडते, आणि त्याला कारण सासूबाई. त्यांच्यासारखे गप्पिष्ट माणूस मी दुसरे पाहिले नाही.

‘पाहिले नव्हते’ असे म्हणायला हवे. गेल्या दोन-तीन वर्षांत त्या गप्प झाल्या. वयोमानाने कान गेले. आधी ‘काय म्हणलं?’ असे दोनदा विचारत, मग एकदाच, आणि नंतर विचारणेच सोडून दिले. कोणी काही बोलले की नुसते हसायचे आणि ‘हो’ म्हणायचे. मुलीचा फोन आला की दोन शब्द बोलून तो सुनेच्या हाती द्यायचा. डॉक्टरांनी तपासून यंत्र सुचवले होते, पण ‘मले आता काय ऐकायचं राह्यलं?’ म्हणून त्यांनी तो विषय बंद केला होता.

भाचा अकरावीत आहे. त्याने फोनवर मला सांगून ठेवले होते, ‘मामाजी, येताना अ‍ॅम्प्लिफायरचं किट आणा.’ मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असली किटे ढिगाने मिळतात. एका पिशवीत छिद्रे पाडलेली बोटभर पट्टी, चार-सहा रेझिस्टन्स, तेवढेच कंडेन्सर, आवाजाचा कंट्रोल, मसुराच्या दाण्याहून थोडा मोठा माइक, आणि आठ पायांचा एक काळा किडा. या किड्याचे नाव एलएम ३८६. सगळे काम तोच करतो, बाकीची मंडळी त्याची चाकरी करतात.

हा किडा आवाज मोठा करतो म्हणजे काय करतो? पुष्कळांची समजूत अशी की, बारीक आवाज आत जातो आणि फुगून बाहेर येतो. तसे काही नसते. ओलिताच्या वेळी पाटाच्या तोंडाशी बसलेले पोर मातीचे ढेकूळ इकडचे तिकडे सरकवते. पोराची ताकद मूठभर, पण पाणी वाहते ते विहिरीचे. इथे विहीर म्हणजे नऊ व्होल्टची बॅटरी. माइकमधून येणारी क्षीण वीज फक्त ढेकूळ सरकवते, आणि तिच्या तालावर बॅटरीची वीज स्पीकरकडे धावते. एलएम ३८६ मूळचा वीसपट वाढ देतो. त्याच्या पहिल्या आणि आठव्या पायात दहा मायक्रोफॅरडचा एक कंडेन्सर जोडला की तीच वाढ दोनशेपट होते.

या किड्याच्या पूर्वजांचे बहिरेपणाशी जुने नाते आहे. ट्रान्झिस्टरचा शोध अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत १९४७ साली लागला. आपल्याला ट्रान्झिस्टर म्हटले की रेडिओ आठवतो, पण खिशात मावणारा ट्रान्झिस्टर रेडिओ बाजारात आला १९५४ साली. त्याआधी, १९५२च्या अखेरीस, तो श्रवणयंत्रात बसला होता. टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलची आई आणि पत्नी दोघीही कर्णबधिर होत्या. त्या बेलच्या स्मरणार्थ श्रवणयंत्रे करणाऱ्यांकडून ट्रान्झिस्टरच्या शोधाचे मानधन घ्यायचे नाही, असे कंपनीने ठरवले होते. मोठ्या कंपन्यांच्या हातून अशी गोष्ट क्वचितच घडते, म्हणून मुद्दाम सांगितली.

असो. भाच्याचा हात चांगला आहे. डाग देताना कांडी आधी तारेला टेकवायची, तार तापली की कथील आपणहून पसरते, हे त्याला एकदाच सांगावे लागले. तासाभरात जोडणी झाली. त्याने हौसेने दोनशेपट वाढ ठेवली, स्पीकर जोडला आणि बटण दाबले. अशी काही किंकाळी फुटली की अंगणातले मांजर कौलावर गेले. गणपतीच्या मांडवात कर्ण्याची शिट्टी ऐकलेल्या कोणालाही ती ओळखू यावी. स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरतो, वाढून पुन्हा स्पीकरमध्ये येतो, आणि ही फुगडी थांबत नाही. स्पीकर काढून हेडफोन लावला तशी शिट्टी बंद झाली.

हेडफोन सासूबाईंच्या कानांवर चढवला. त्यांनी क्षणभर ऐकले आणि कपाळाला आठ्या घालून उपटून काढला. ‘नुसता गलका हाये.’ खरेच होते. स्वयंपाकघरातली भांडी, रस्त्यावरची फटफटी, सगळेच दोनशेपट झाले होते.

इथे खरी मेख आहे. म्हातारपणी कान सरसकट जात नाहीत. आधी जातात ते उंच, बारीक स्वर. ‘स’, ‘श’, ‘त’ ही अक्षरे नेमकी त्याच स्वरांत राहतात. म्हणून ‘सात’ म्हटले की ‘आठ’ ऐकू येते, आणि ओरडून सांगितले तर ‘आठ’च मोठ्याने ऐकू येते. आम्ही तीन गोष्टी केल्या. दहा मायक्रोफॅरडचा तो कंडेन्सर काढून वाढ पुन्हा वीसपटीवर आणली. हेडफोनच्या वाटेवरचा दोनशेवीसचा कंडेन्सर काढून बावीसचा बसवला. तो लहान असला की खालचे, घुमणारे स्वर अडतात आणि अक्षरे उठून दिसतात. आणि माइक पट्टीवरून काढून दोन हात लांब जाळीच्या तारेला लावला, म्हणजे तो बोलणाऱ्याच्या तोंडाशी धरता येईल. ही तिसरी युक्ती सगळ्यांत गुणाची. कान जवळ नेला की गलका आपोआप मागे पडतो.

मग लेकीने माइक ओठांपाशी धरला आणि नेहमीच्या, हळू आवाजात विचारले, ‘आई, गुडघा कसा आहे?’ सासूबाईंनी तिच्याकडे पाहिले. ‘ओरडू नको बाई,’ त्या म्हणाल्या, ‘मले आयकू येते.’ पुढचा दीड तास आम्हा कोणाला मधे बोलायची सवड मिळाली नाही.

हे खेळणे श्रवणयंत्राची जागा घेत नाही, हे मी त्यांना त्याच रात्री माइकमधून सांगितले. चांगले यंत्र ज्याच्या-त्याच्या कानाच्या तपासणीप्रमाणे स्वर कमी-जास्त करते, आणि परात पडली तर तो दणका कानावर आदळू देत नाही. आमच्या किड्याला तेवढी अक्कल नाही. मुंबईत वांद्र्याला १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे. सासूबाईंनी सगळे ऐकून घेतले आणि ‘कापूस निघाला की पाहू’ म्हणाल्या. दोन वर्षांच्या ‘नाही’नंतर सौ.ला तेवढेही पुष्कळ वाटले.

दुसऱ्या दिवशी भाऊबीजेला त्यांचे थोरले बंधू आले. त्यांचेही कान तसेच. ओवाळून झाल्यावर दोघे भाऊ-बहीण ओसरीवर बसले. एकाने हेडफोन घालायचा, दुसऱ्याने माइक धरायचा, आणि वाक्य संपले की अदलाबदल करायची. वाक्ये लांब, आणि ऐकणाऱ्याला उत्तराची घाई. शेवटी भाच्याने वहीचे पान फाडून माझ्या हातात चिठ्ठी दिली: ‘मामाजी, किट आणखी एक. बावीसचे कंडेन्सर दोन. जाळीची तार लांब आणा.’