उंची मिळते, पावलं कमवावी लागतात

माझा भाचा चौदाव्या वर्षीच आमच्या दारातून वाकून आत येऊ लागला. शाळेनं त्याला बास्केटबॉलच्या संघात घेतलं आणि सांगितलं, "तू फक्त रिंगखाली हात वर करून उभा राहा." दोन महिन्यांनी तो म्हणाला, "मामू, मला खेळाडू नाही, खांब केलंय." शब्दांच्या मात्रा मोजणारा मी, तेव्हापासून या खेळात डोकावू लागलो.

रिंगजवळ खेळणारा, बहुधा संघातला सर्वांत उंच खेळाडू म्हणजे सेंटर. पण चेंडू आपल्या संघाकडे असताना रिंगसमोरच्या चौकोनात तीन सेकंदांहून अधिक रेंगाळता येत नाही. म्हणजे 'खांब होऊ नकोस' असं खेळाचा नियमच सांगतो.

मग शिकायचं काय? आधी पावलं. 6 फूट 10 इंचांचा, जाड चष्म्याचा जॉर्ज मायकन 1940च्या दशकात शिकागोच्या डीपॉल विद्यापीठात खेळू लागला, तेव्हा फार अवघडलेला होता. प्रशिक्षक रे मेयर यांनी त्याला दोरीवरच्या उड्या मारायला लावल्या, नाचही शिकायला लावला. त्याच्या नावाचा सराव आजही जगभर चालतो. रिंगखाली उभं राहायचं, डाव्या पायावर उडी घेऊन उजव्या हातानं चेंडू टाकायचा, तो जमिनीवर पडण्याआधी झेलायचा, लगेच उजव्या पायावर उडी घेऊन डाव्या हातानं टाकायचा. चेंडू हनुवटीखाली आणायचा नाही. आणला की बुटका खेळाडूही तो हिसकावतो.

मायकनसारख्या उंच खेळाडूंमुळे नियम बदलले. रिंगकडे उतरणारा चेंडू अडवण्यावर अमेरिकेच्या महाविद्यालयीन खेळात 1944 साली बंदी आली. 1951 साली एनबीएनं रिंगसमोरच्या चौकोनाची रुंदी 6 फुटांवरून 12 फूट केली. तरीही पुढची तीन वर्षं मायकनचा संघच विजेता ठरला. नियमांनी उंचीचा फायदा कमी केला. हातापायांची कमाई कुणाला काढून घेता आली नाही.

नायजेरियातल्या लागोसचा हकीम ओलाजुवान आधी फुटबॉल आणि हँडबॉल खेळायचा. त्याची चपळ पावलं बास्केटबॉलमध्ये कामी आली आणि 1994 व 1995 साली त्याचा ह्यूस्टनचा संघ अजिंक्य ठरला. सर्बियाचा निकोला योकिच तर सेंटर असून पास देण्यात अव्वल. 2014 साली निवडीत एक्केचाळिसावा आलेला हा खेळाडू 2021, 2022 आणि 2024 साली एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

म्हणून पालकांनो, शिक्षकांनो, ड्रिबल आणि पासच्या सरावातून उंच मुलाला बाजूला काढू नका. जागा धरताना गुडघे वाकवायला, दोन्ही हात वापरायला शिकवा. भराभर वाढणाऱ्या वयात गुडघे दुखले तर उड्या थांबवा, डॉक्टरांना दाखवा.

भाचा आता रोज डाव्या हातानं चेंडू टाकतो. निम्मे चुकतात. पण परवा म्हणाला, "मामू, आज मला कुणी खांब म्हणालं नाही."