जुन्या मोटारीच्या ब्रेकचा आवाज : निदान आणि दुरुस्ती

जुन्या मोटारीच्या ब्रेकमधून आवाज येऊ लागला की गॅरेजमध्ये बहुधा पहिला उपाय नवे पॅड टाकण्याचा होतो, आणि काही दिवसांनी तोच आवाज पुन्हा सुरू झाला की दोष नव्या पॅडच्या प्रतीवर ढकलला जातो. वास्तविक झिजलेला पॅड हे अनेक कारणांपैकी एक कारण असते, आणि पुष्कळदा ती झीज स्वतःच दुसऱ्या एखाद्या बिघाडाचा परिणाम असते. म्हणून सुटे भाग बदलण्यापूर्वी आवाज केव्हा येतो आणि केव्हा थांबतो, हे नीट तपासणे आवश्यक ठरते.

जानेवारी 2014 मध्ये जिचे उत्पादन थांबले त्या मारुती 800 च्या नंतरच्या गाड्यांत, आणि तिच्या वर्गातील बहुतेक लहान मोटारींत, पुढच्या चाकांना डिस्क व मागच्या चाकांना ड्रम ब्रेक असतात. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ओतीव लोखंडाची तबकडी. ब्रेक दाबताच ब्रेक ऑईलच्या दाबाने कॅलिपर नावाची पकड दोन बाजूंच्या दोन पॅडांमध्ये ही तबकडी आवळते. ड्रममध्ये मात्र चंद्रकोरीच्या आकाराचे दोन शू आतून बाहेरच्या दिशेने फाकतात आणि त्यांच्यावर बसवलेले घर्षणाचे अस्तर, म्हणजे लायनर, फिरत्या ड्रमच्या आतल्या पृष्ठभागावर दाबले जाते.

हे घर्षण पूर्णपणे एकसारखे नसते. सारंगीच्या तारेवर गज फिरताना तार जशी थरथरते, तशीच पॅड आणि तबकडी यांच्यात सूक्ष्म कंपने निर्माण होतात, आणि ती सेकंदाला हजाराच्या वर गेली की कानाला तीक्ष्ण किंचाळी ऐकू येते. ही कंपने दाबून टाकण्यासाठी पॅडच्या पाठीवर शिम नावाचा पातळ पत्रा असतो आणि पॅड जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगच्या क्लिपा असतात. मागच्या एखाद्या दुरुस्तीत हे किरकोळ वाटणारे भाग काढून ठेवले गेले आणि परत बसवलेच नाहीत, असे जुन्या गाड्यांत वारंवार आढळते.

आवाजाची वेळ निदानाला सर्वाधिक मदत करते. पावसाळ्यात, विशेषतः कोकणच्या दमट हवेत, रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या तबकडीवर गंजाचा पातळ थर चढतो, त्यामुळे सकाळी पहिल्या काही ब्रेकला खरखर होते. हा थर पॅडने पुसला गेला की ती आपोआप थांबते व दुरुस्तीची गरज उरत नाही. काही पॅडांना पोलादाची एक लहान पट्टी असते, जी अस्तर दोन-तीन मिलिमीटर उरल्यावर तबकडीला घासू लागते आणि सतत बारीक शिटी वाजवून पॅड बदलण्याची सूचना देते. ही सूचना दुर्लक्षिली गेली की अस्तर संपून पॅडचा धातू तबकडीवर घासू लागतो व आवाज कर्कश, दळल्यासारखा होतो. अशा अवस्थेत गाडी चालवणे धोक्याचे असल्याने ती तेथेच थांबवावी. खड्ड्यांतून जाताना होणारा खडखडाट ब्रेकवर हलका पाय ठेवताच थांबत असेल, तर पॅड किंवा कॅलिपर आपल्या जागी सैल झाल्याचा संशय घ्यावा. वेगाबरोबर वाढणारी आणि वळण घेताना कमी-जास्त होणारी घुमघुम मात्र ब्रेकची नसून बहुधा चाकाच्या बेअरिंगची असते.

प्रत्यक्ष तपासणीसाठी गाडी सपाट जागी उभी करावी, इतर चाकांना अडण लावावी आणि ती केवळ जॅकवर न ठेवता स्टँडवर टेकवावी. चाक उतरल्यावर दोन्ही पॅड काढून शेजारी शेजारी ठेवले की पुष्कळ गोष्टी उघड होतात, आणि म्हणूनच जुना पॅड न पाहता फेकून देणे ही दुरुस्तीतील मोठी चूक होय. आतल्या पॅडचे अस्तर नखाइतके पातळ आणि बाहेरच्याचे जवळजवळ शाबूत असेल, तर कॅलिपर ज्या दोन पिनांवर मागे-पुढे सरकतो त्या जाम झाल्या आहेत असे समजावे, कारण त्यामुळे आतला पॅडच बहुतेक भार घेतो. पिनेवरील रबराची टोपी फाटून पाणी आत गेलेले असते, ग्रीस वाळून काळपट झालेले असते आणि पिन हाताने ओढूनही हलत नाही. अशा ठिकाणी नुसते नवे पॅड टाकले तर तेही त्याच पद्धतीने झिजणार, हे निश्चित. पिन स्वच्छ करून, खड्डे पडले असल्यास बदलून, रबराला न खाणारे आणि उष्णता सोसणारे सिलिकॉन ग्रीस तिला लावावे. तबकडीची जाडी मोजून ती किमान मर्यादेहून कमी भरल्यास तबकडी बदलावी; ही मर्यादा पुष्कळदा तबकडीवरच कोरलेली असते.

मागच्या ड्रममध्ये लायनरची भुकटी साठणे, शू मागे खेचणाऱ्या स्प्रिंगा ढिल्या पडणे आणि हँडब्रेकची केबल अडकून राहणे ही आवाजाची नेहमीची कारणे होत. ड्रम उघडल्यावर ही भुकटी हवेच्या फवाऱ्याने कधीही उडवू नये, कारण जुन्या लायनरांत फुप्फुसांना घातक असे ॲस्बेस्टॉस असू शकते. ती ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने टिपून घ्यावी. आतल्या बाजूला ब्रेक ऑईल झिरपलेले दिसल्यास शू फाकवणारा व्हील सिलिंडर गळत आहे असे मानून तो बदलावा. ऑईल मुरलेले लायनर धुऊन पुन्हा वापरण्याचा मोह टाळलेलाच बरा. आवाज बंद करण्यासाठी तबकडीवर किंवा लायनरवर तेल सोडणे तर ब्रेकच निकामी करण्यासारखे आहे.

पॅड नेहमी एका आसाच्या दोन्ही चाकांना मिळून बदलावेत, अन्यथा ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढते. जोडणीनंतर गाडी हलवण्यापूर्वी पेडल घट्ट होईपर्यंत दाबावे, कारण नवे पॅड बसवताना मागे ढकललेला कॅलिपरचा पिस्टन पुन्हा पॅडला टेकेपर्यंत ब्रेक लागत नाही. त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगावरून अनेकदा सावकाश ब्रेक लावून व मधून मधून थंड होऊ देऊन नवे पॅड तबकडीवर बसवावेत, आणि थोड्या प्रवासानंतर सर्व चाकांच्या जवळ हात नेऊन पाहावा. एखादे चाक इतरांहून बरेच तापलेले आढळल्यास तेथे ब्रेक अजूनही पूर्ण सुटत नाही असे समजून तेच चाक पुन्हा उघडावे.