जुन्या गाडीचा गिअरबॉक्स : आवाज कुठला, गळती कुठली?



आजचा विषय पाठ्यपुस्तकातला नाही, पण आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या दारात उभा आहे. इस्लापूरहून नांदेड गाठायचं म्हणजे हिमायतनगर, भोकर करत जावं लागतं. घरात म्हातारी माणसं, लेकरं असली की जुनी का होईना, चारचाकी घ्यावीच लागते. मीही घेतली. मागच्या चाकांवर चालणारी जुनी व्हॅन आहे. शाळेत लिंबाखाली लावतो.

एक दिवस चौथीतली एक मुलगी म्हणाली, "सर, तुमची गाडी उभी राहून बी वरडायली. अन् खाली त्याल सांडायलंय."

मला आवाज महिनाभर ऐकू येत होता, पण रस्ता खराब आहे म्हणून मी तो सोडून देत होतो. गाडी उभी असतानाही आवाज येतो, हे त्या पोरीनं पकडलं. यातच अर्धं निदान आहे. उभ्या गाडीची चाकं फिरत नाहीत, म्हणजे हा आवाज चाकाच्या बेअरिंगचा असूच शकत नाही.

मेकॅनिकनं एक चक्कर मारली आणि सांगितलं, "गिअरबॉक्स गेला, अख्खा बदला." आकडा ऐकून मी गाडी परत घेऊन आलो. त्याचं चुकलंच असं नाही, पण त्यानं गाडीखाली वाकून पाहिलं नव्हतं.

आधी गळती बघावी. गिअरबॉक्समधलं तेल इंजिनच्या तेलापेक्षा वेगळं असतं आणि साध्या गिअरबॉक्समध्ये ते फिरवायला पंप नसतो. दातेरी चाकं खालच्या तेलात बुडून फिरतात आणि तेच तेल वर उडवतात. तेल कमी झालं की वरच्या बेअरिंगपर्यंत पोचत नाही, आणि मग आवाज सुरू होतो. समोरचा ऑइलचा लाल दिवा फक्त इंजिनचं सांगतो, गिअरबॉक्स कोरडा पडला तरी तो पेटत नाही. म्हणून गळती आणि आवाज हे पुष्कळदा दोन आजार नसतात, पहिल्यानं दुसरा आणलेला असतो.

रात्री गाडीखाली खोक्याचा पुठ्ठा पसरा आणि सकाळी डाग बघा. काळं, जळकट वासाचं असेल तर इंजिन ऑइल. हिरवट किंवा लालसर, पाण्यासारखं असेल तर कूलंट. एसीचं असेल तर नुसतं पाणी. घट्ट, चिकट आणि गंधकासारखा उग्र वास असेल तर गिअर ऑइल. (हा वास एकदा नाकात बसला की चार दिवस निघत नाही.) मग खालची माती-तेल पुसून घ्या, थोडी गाडी चालवा आणि ओल कुठून सुरू होते ते बघा. तेल वाऱ्यानं मागे पसरतं, त्यामुळे थेंब जिथे पडतो तिथेच गळती असते असं नाही.

मारुती ८०० सारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत चाकांकडे जाणारे शाफ्ट जिथून बाहेर येतात तिथली सीलं आधी बघावीत. ओम्नीसारख्या गाडीत गिअरबॉक्सच्या शेपटाकडे, जिथे लांब प्रोपेलर शाफ्ट आत शिरतो तिथे. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडातून तेल येत असेल तर ते दोघांपैकी कुणाचंही असू शकतं. तिथे वासच साक्षीदार. आणखी एक जागा कुणी बघत नाही, ती म्हणजे ब्रीदर. गरम झालेली हवा बाहेर जायचं ते बारीक छिद्र. ते चिखलानं बुजलं की आत दाब वाढतो आणि चांगलं सीलही गळू लागतं. माझ्या गाडीत शेपटाचं सील कडक झालेलं होतं आणि ब्रीदरही काळ्या मातीनं बंद होता.

आता आवाज. गाडी सपाटीवर उभी करा, हँडब्रेक ओढा, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवा. क्लचवरून पाय काढल्यावर घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते, तर दोष गिअरबॉक्सच्या आत, बहुतेक इंजिनकडून येणाऱ्या शाफ्टच्या बेअरिंगमध्ये. क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर क्लचचं रिलीज बेअरिंग. दोन्ही वेळा सारखाच असेल तर इंजिनकडे बघा.

पुढची परीक्षा चालत्या गाडीत. एकाच गिअरला आवाज असेल तर त्या गिअरचे दात. ओम्नीसारख्या गाडीत चौथ्या गिअरला ताकद सरळ पुढे जाते, बाजूच्या शाफ्टवर भार येत नाही. म्हणून पहिल्या तीन गिअरला आवाज आणि चौथ्याला शांत असेल तर दोष त्या बाजूच्या शाफ्टकडे. मोकळ्या, सपाट रस्त्यावर क्षणभर न्यूट्रल करूनही वेगाबरोबर आवाज चालूच राहिला, तर प्रोपेलर शाफ्ट, डिफरन्शियल किंवा चाकाचं बेअरिंग. हे उतारावर करू नका आणि इंजिन बंद करून तर मुळीच नाही.

तेल तपासताना गाडी चारही बाजूंनी सारखी हवी. नुसतं पुढून उचललं तर पातळी खोटी दिसते. आणि फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही, खाली पक्के स्टँड हवेतच. आधी वरचा, तेल भरायचा बोल्ट उघडा, नंतरच खालचा. उलट केलं आणि वरचा बोल्ट गंजून बसलेला निघाला, तर तेल गेलं आणि भरताही येत नाही, अशी फजिती होते. वरच्या भोकाच्या काठापर्यंत तेल हवं. मी बोट आत घातलं तर कोरडंच बाहेर आलं.

निघालेलं तेल उजेडात बघा. राखाडी, मऊ चिखलासारखा गाळ जुन्या गाडीत चालतो. सोनेरी चमक दिसली तर गिअर जुळवणाऱ्या पितळी रिंगा झिजतायत. बोटाला टोचणारे लोखंडाचे कपचे निघाले तर गाडी तिथेच थांबवा. नवीन तेल गाडीच्या पुस्तकात दिलंय तेच घ्यावं. कित्येक गाड्यांना ७५डब्ल्यू-९०, जीएल-४ लागतं. "जीएल-५ भारी असतं" असं कुणी म्हणालं तरी पुस्तकात नसेल तर घेऊ नका, पितळी रिंगांना ते मानवेलच असं नाही.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. आवाज दाबायला गिअरबॉक्समध्ये लाकडाचा भुसा किंवा घट्ट ग्रीस भरून गाडी विकायची युक्ती फार जुनी आहे. सौदा करण्याआधी वरचा बोल्ट उघडायला लावा.

माझ्या गाडीला नवीन सील बसलं, ब्रीदर साफ झाला, तेल भरलं. गाळात कपचे नव्हते. आवाज निम्म्याहून कमी झाला, पण गेला नाही, कारण कोरडं चाललेलं बेअरिंग तेल घातल्यानं बरं होत नाही. असं बेअरिंग फुटलं तर गिअरबॉक्स चालता चालता जाम होऊ शकतो. म्हणून त्या महिन्यात क्रीडा स्पर्धेला मुलांना माझ्या गाडीतून नेलं नाही, एसटीनं नेलं. पगार झाल्यावर गिअरबॉक्स उतरवून दोन बेअरिंगं बदलली, बाकी सगळं जुनंच ठेवलं. अख्ख्या गिअरबॉक्सच्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्शात काम झालं, आणि त्यातही मजुरीच जास्त.

पुठ्ठा अजून लिंबाखाली असतो. ती मुलगी आता पाचवीत गेली, पण येता-जाता वाकून बघतेच.