जपानी मेंदूज्वर आणि मेंदूतील जनुकांची सक्रियता : एक विवेचन

प्रस्तावना :
डासांमार्फत पसरणाऱ्या विषाणूजन्य रोगांमध्ये जपानी मेंदूज्वर हा बालकांच्या दृष्टीने अत्यंत घातक रोग मानला जातो. संसर्ग झालेल्या सुमारे २५० व्यक्तींपैकी एकीलाच तीव्र आजार होतो. परंतु अशा रुग्णांपैकी ३० टक्क्यांपर्यंत रुग्ण दगावतात आणि वाचलेल्यांपैकी ३० ते ५० टक्के रुग्णांना मेंदूविषयक कायमचे अपंगत्व येते. भारतात १९७३ मध्ये पश्चिम बंगालमधील बांकुडा व बर्दवान जिल्ह्यांत या रोगाची पहिली मोठी साथ आली. २००५ मध्ये पूर्व उत्तर प्रदेशातील साथीत एक हजाराहून अधिक मृत्यू झाले. विषाणू मेंदूत शिरल्यावर तेथील जनुकांच्या कार्यात कोणते बदल घडतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

रोगाचे वाहक :
हा विषाणू प्रामुख्याने भातखाचरांत वाढणाऱ्या क्युलेक्स जातीच्या डासांद्वारे पसरतो. बगळ्यांसारखे पाणपक्षी व डुकरे यांच्या शरीरात तो वाढतो. मनुष्य व घोडा हे मात्र त्याचे अखेरचे आश्रयदाते ठरतात, कारण त्यांच्या रक्तातून डासाला पुढे संसर्ग होत नाही. म्हणूनच जाफराबाद परिसरासारख्या कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यापेक्षा भंडारा, गोंदिया या भातउत्पादक जिल्ह्यांत या रोगाचा धोका अधिक संभवतो.

जनुकांची सक्रियता म्हणजे काय? :
शरीरातील बहुतेक पेशींत जनुके तीच असतात. परंतु कोणते जनुक केव्हा व किती प्रमाणात कार्यरत होईल, हे पेशीपरत्वे बदलते. कार्यरत जनुकापासून संदेशवाहक आरएनए तयार होतो. त्याचे प्रमाण मोजल्यास जनुकाच्या सक्रियतेचा अंदाज येतो. मायक्रोअ‍ॅरे या तंत्राने हजारो जनुकांची अशी मोजणी एकाच वेळी करता येते. येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. जपानी मेंदूज्वराचा विषाणू आरएनए विषाणू असून त्याची जनुकीय सामग्री सुमारे ११,००० न्यूक्लिओटाइडांची आहे. तो यजमानाच्या जनुकांची रचना बदलत नाही. बदलते ती त्यांची सक्रियता.

उंदराच्या मेंदूतील बदल :
संसर्ग झालेल्या उंदरांच्या मेंदूत तीन प्रकारचे बदल ठळकपणे दिसतात. पहिला, विषाणूचा आरएनए ओळखणाऱ्या आरआयजी-१ सारख्या प्रथिनांमुळे इंटरफेरॉन व त्यावर अवलंबून असणारी विषाणुरोधक जनुके सक्रिय होतात. दुसरा, रोगप्रतिकारक पेशींना पाचारण करणाऱ्या केमोकाइनांच्या जनुकांची सक्रियता वाढते. मायक्रोग्लिया या मेंदूतील संरक्षक पेशी उत्तेजित होऊन दाहकारक द्रव्ये स्रवतात. तिसरा, चेतापेशींमधील संदेशवहनाशी निगडित अनेक जनुकांची सक्रियता घटते, तर पेशीमृत्यूशी संबंधित जनुके पुढे सरसावतात. म्हणजेच विषाणूला रोखणारी प्रतिक्रियाच मर्यादेबाहेर गेल्यास चेतापेशींच्या नाशास हातभार लावते. विषाणूही स्वस्थ बसत नाही; त्याचे एनएस-५ हे प्रथिन इंटरफेरॉनचा संदेश पेशीत पुढे जाण्यास अटकाव करते.

निष्कर्ष काढताना घ्यावयाची दक्षता :
संपूर्ण मेंदूच्या ऊतींची मोजणी केली असता दाहाच्या जनुकांची वाढ दिसते. ही वाढ मूळ पेशींतील बदलामुळे आहे की रक्तातून आलेल्या नव्या पेशींमुळे, हे त्या मोजणीवरून सांगता येत नाही. त्याचप्रमाणे चेतापेशींच्या जनुकांतील घट ही सक्रियता मंदावल्याने असेल किंवा त्या पेशीच मेल्यानेही असेल. त्यामुळे संसर्गानंतरच्या वेगवेगळ्या दिवशी नमुने घेणे आणि पेशींचे प्रकार वेगळे करून तपासणे अगत्याचे ठरते.

उपचारांशी संबंध :
या ज्ञानाची कसोटी अखेर रुग्णशय्येपाशीच लागते. इंटरफेरॉनचा उपयोग होईल, ही अपेक्षा स्वाभाविक होती. तथापि व्हिएतनाममधील बालकांवरील २००३ च्या चाचणीत त्याचा लाभ आढळला नाही. मायक्रोग्लियाचा दाह शमविणाऱ्या मिनोसायक्लिनने मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राच्या प्रयोगांत उंदरांना संरक्षण दिले. परंतु लखनौ येथे मेंदूज्वराच्या रुग्णांवर झालेल्या व २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मृत्युदरात संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय घट दिसली नाही. रुग्ण रुग्णालयात पोहोचेपर्यंत मेंदूतील बदलांची साखळी बरीच पुढे गेलेली असते, हे यामागील एक संभाव्य कारण होय.

समारोप :
विषाणूवर थेट परिणाम करणारे सिद्ध औषध अद्याप उपलब्ध नसल्याने प्रतिबंध हाच खात्रीचा मार्ग उरतो. भारतात २००६ पासून रोगप्रवण जिल्ह्यांत लसीकरण सुरू झाले. पुणे येथील राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने उपलब्ध करून दिलेल्या, कोलार येथील विषाणूवर आधारित स्वदेशी लस २०१३ मध्ये आली. मेंदूतील जनुकांचा अभ्यास उद्याच्या औषधाची दिशा दाखवील; आजच्या बालकाचे रक्षण मात्र लस आणि डासनियंत्रण यांनीच होणार आहे.