बुधवारी चारनंतर

ऑफिसातला एक जण दर बुधवारी चारच्या ठोक्याला गायब व्हायचा. का, ते मला कळलं एका ज्यू संस्थेच्या सत्काराच्या डिनरला. आणि तिथे बसल्या बसल्या आठवल्या दादरच्या कॅरमच्या मावशी!

प्रत्येक टीममध्ये असा एक नमुना असतोच. कामात एक नंबर, पण ठरावीक वेळ झाली की बॅग उचलून चालता. २०१९ मध्ये मी न्यू जर्सीला ऑनसाइट होते, तेव्हा आमच्या क्लायंटकडे असेच एक गृहस्थ होते. पन्नाशीचे सीनियर अकाउंटंट. डोक्यावर ज्यू लोक घालतात ती छोटी गोल टोपी. त्यांच्या कॅलेंडरवर दर बुधवारी चार वाजता एक जांभळी पट्टी असायची, ‘बिझी’. बास, बाकी काही नाही.

सप्टेंबरमधल्या एका बुधवारी आमचं रिलीज होतं. साडेतीनला सर्व्हर झोपला. त्यांची एक सही, एक ओके हवा होता. पण चार वाजले आणि हे उठले! ‘उद्या सकाळी सातला येतो. आत्ता मात्र नाही थांबता येणार,’ एवढंच म्हणाले आणि गेले. त्यांच्या पाठीमागे मी मराठीत जे काही पुटपुटले ते इथे छापण्यासारखं नाही.

नोव्हेंबरमध्ये आमच्या मॅनेजरने एक जाड, गुळगुळीत निमंत्रणपत्रिका टेबलावर ठेवली. आजारी ज्यू मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेचं वार्षिक डिनर. सत्कारमूर्ती तिघं. एक देणगीदार जोडपं, आणि... आमचे बुधवारचे पळपुटे! कंपनीने एक टेबल घेतलं होतं. खरं सांगू? मी गेले ती फुकटच्या जेवणासाठी.

पंखा आणि पाती

डिनर टीनेक नावाच्या गावात होतं. पत्रिकेवर वेळ साडेसहाची, सुरू झालं साडेसातला. म्हटलं वा, ही तर आपलीच माणसं! जेवण अर्थातच कोशर, म्हणजे त्यांच्या धर्माच्या नियमांप्रमाणे. मांस आणि दूध एका जेवणात चालत नाही, त्यामुळे मटणानंतरच्या कॉफीत दूध नाही आणि आइस्क्रीमही बिनदुधाचं. माझ्यासारख्या शाकाहारी बाईपुढे भाजलेल्या भाज्यांची ताटली आली.

प्रत्येकाच्या खुर्चीवर एक जाडजूड पुस्तक होतं. उघडलं तर पानोपानी सत्कारमूर्तींना शुभेच्छा. शेजाऱ्याकडून, डेंटिस्टकडून, माल पुरवणाऱ्या व्यापाऱ्याकडून. पूर्ण पानाला इतके डॉलर, अर्ध्याला तितके. लेख काढून टाकलेला दिवाळी अंकच म्हणा ना!

मला आमच्या साताऱ्याकडच्या गावच्या देवळातला पंखा आठवला. तिन्ही पात्यांवर लाल रंगात देणगीदाराचं नाव. आम्ही पोरं हसायचो, कारण पंखा सुरू झाला की नाव गायब! आपल्याकडे गुप्तदानाला केवढा मान. मग अमेरिकेत येऊन हाच पात्यांचा कारभार बघायचा?

तेवढ्यात आईचा फोन आला. तिकडे सकाळ झालेली. ‘आई, जेवतेय गं, नंतर करते,’ म्हणून ठेवला, तर शेजारच्या खुर्चीवरून आवाज आला, ‘कुठची गं तू?’

मी उडालेच. साठी ओलांडलेल्या, छान सिल्कचा ड्रेस घातलेल्या मावशी. ‘आम्ही ठाण्याचे. बेने इस्राएल,’ त्या म्हणाल्या. कोकणात शतकानुशतकं राहिलेले, तेल गाळायचा धंदा करणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले गेलेले हे आपल्याकडचे ज्यू. मायबोली मराठी. मावशी मुलीकडे राहायला आल्या होत्या आणि संस्थेच्या स्वयंपाकघरात हात लावत होत्या. पुढचे दोन तास माझी ‘कॉमेंट्री’ त्यांनीच केली.

अठराचा फंडा

पहिला धडा पैशाचा. लोक चेक देत होते अठरा, छत्तीस, एकशे ऐंशी डॉलरचे. असे विचित्र आकडे का? मावशी म्हणाल्या, ‘आपण नाही का एकशे एक, पाचशे एक देत? तसंच.’ हिब्रूत प्रत्येक अक्षराला आकडा असतो. आयुष्यासाठीच्या ‘खाय’ या शब्दात दोन अक्षरं, एकाचा आकडा आठ, दुसऱ्याचा दहा. झाले अठरा. म्हणजे दान देताना आयुष्यच द्यायचं.

हाच शब्द या क्षेत्रातल्या एका मोठ्या संस्थेच्या नावात आहे. ‘चाय लाइफलाइन’. (आपल्या चहाशी काही संबंध नाही, उच्चार ‘ख’कडे झुकणारा!) १९८७ साली सुरुवात झाली ती ‘कॅम्प सिम्खा’ या उन्हाळी शिबिरापासून. सिम्खा म्हणजे आनंद. न्यूयॉर्क राज्यातल्या ग्लेन स्पे इथे कॅन्सर झालेली मुलं येऊन धमाल करतात, डॉक्टर-नर्स तिथेच असतात आणि पालकांकडून एक पैसा घेत नाहीत. मुलांना सांभाळणारे ताई-दादा म्हणजे विशीतले स्वयंसेवक. पैसे उभे करायला लोक दोन दोन दिवस सायकल चालवतात आणि शेवटी त्याच कॅम्पवर पोचतात. स्वागताला उभी असतात तीच मुलं, ज्यांच्यासाठी पायडल मारलं. मी गेले त्या डिनरची संस्था याच धर्तीवरची, पण लहानशी.

मान देणं म्हणजेच मागणं

‘पण मावशी, हा सत्कार, हे फोटो... दिखावाच ना?’ मी विचारलंच.

त्या हसल्या. ‘अगं, त्या जोडप्याला दोनदा विचारलं, दोनदा नाही म्हणाले. तिसऱ्यांदा संस्थेने सांगितलं, तुम्ही स्टेजवर आलात तर तुमची दोनशे ओळखीची माणसं पाकीट उघडतील. मुलांना हॉस्पिटलात न्यायला एक गाडी येईल. मग झाले तयार.’

हा हिशेब माझ्या डोक्यात आलाच नव्हता. सत्कारमूर्ती म्हणजे हारात उभा केलेला माणूस नाही, तर स्वतःची फोनची वही संस्थेच्या हवाली केलेला माणूस. ते जाड पुस्तक म्हणजे त्याच्या ओळखींची बेरीज.

मग गुप्तदान? तेही त्यांच्याकडे आहे, आणि चांगलं बारकाईने. बाराव्या शतकात मायमोनिडीस नावाचे मोठे ज्यू पंडित होऊन गेले. पेशाने वैद्य. त्यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. सगळ्यांत खाली तोंड वाकडं करून देणारा. वरून दुसरी पायरी गुप्तदानाची, देणाऱ्याला घेणारा माहीत नाही, घेणाऱ्याला देणारा. आणि सगळ्यांत वर? समोरच्याला कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन असं उभं करणं, की त्याला पुन्हा हात पसरावाच लागू नये.

‘आणि दुसरी बाजू घेणाऱ्याची,’ मावशी म्हणाल्या. ‘चांगलं केलेलं ओळखायचं. त्याला हिब्रूत हकारत हातोव म्हणतात.’ त्याची गोष्ट भारी आहे. मिसरच्या राजाला वठणीवर आणायला नाईल नदीवर काठी मारायची होती. ती मोशेने मारली नाही, त्याच्या भावाने, अहरोनाने मारली. का? तर तान्हं असताना मोशेला टोपलीत घालून याच नदीत सोडलं होतं आणि तिने त्याला सांभाळलं होतं. नदीला काय कळतंय? पण ज्याला सांभाळलं त्याला कळायला हवं ना!

मग त्यांनी माझगावच्या सर एली कदुरी शाळेचं सांगितलं. १८७५ साली हाइम सॅम्युएल केहिमकरांनी पुढाकार घेऊन बेने इस्राएल मुलांसाठी ती शाळा काढली. पुढे शांघाय-हाँगकाँगचे बगदादी ज्यू व्यापारी एली कदुरी यांनी देणगी दिली आणि शाळेला त्यांचं नाव लागलं. ‘देणगीदाराचं नाव पाटीवर आहे, चांगलंच आहे. पण केहिमकर किती जणांना ठाऊक आहेत? पैशाचं नाव राहतं गं. वेळेचं राहत नाही.’

‘तू किती बास्केट मारल्यास?’

आमच्या अकाउंटंटची पाळी आली. फलक द्यायला स्टेजवर आला बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा. टाय वाकडा, कागद हातात. त्याने वाचलं ते साधारण असं होतं :

‘माझ्या बहिणीला ल्युकेमिया झाला. त्यानंतर जो भेटेल तो मला विचारायचा, बहीण कशी आहे? हे दर बुधवारी मला बास्केटबॉलला घेऊन जातात. गाडीत बसलं की विचारतात, तू किती बास्केट मारल्यास?’

बस. एवढंच बोलून तो खाली उतरला. हॉलमध्ये चमच्याचा आवाज नाही. अकाउंटंटसाहेब माइकसमोर आले, म्हणाले, ‘मला बास्केटबॉलमधलं काही कळत नाही,’ आणि जागेवर जाऊन बसले.

मी रुमाल शोधत होते. मावशींना वाटलं, त्या मुलीसाठी. त्या समजावत म्हणाल्या, आमच्या तालमुदात सांगितलंय, आजाऱ्याला भेटायला जाणारा त्याच्या दुखण्याचा साठावा भाग घेऊन जातो. पण मी रडत होते त्या मुलासाठी. कारण तो मुलगा मी होते.

कॅरमच्या मावशी

२००३. मी नऊ वर्षांची, धाकटा भाऊ पाच. त्याला ब्लड कॅन्सर निघाला आणि आम्ही सगळे साताऱ्याहून उठून मुंबईत, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. मला ठेवणार कुणाकडे? शाळा बुडवून मीही आले. भावाला खेळणी यायची, खाऊ यायचा, नातेवाईक यायचे. मला सगळे एकच सांगायचे, ‘आईला त्रास देऊ नकोस हं.’ मी नाही दिला. मी इतकी शहाणी झाले होते, की मी आहे हेच कुणाच्या लक्षात येत नव्हतं.

आणि दर गुरुवारी दुपारी एक बाई यायच्या. काखेत छोटा कॅरम बोर्ड, पर्समध्ये बोरिक पावडरची डबी. यायच्या, माझ्यासमोर बसायच्या आणि म्हणायच्या, ‘काढ सोंगट्या. मागच्या वेळी राणी कुणी घेतली?’ भावाबद्दल त्यांनी मला कधीच विचारलं नाही. एकदा आईची परवानगी काढून राणीच्या बागेत घेऊन गेल्या. पाणघोडा बघून मी अनेक महिन्यांत पहिल्यांदा मोठ्याने हसले होते. माझा आवाज इतका मोठा आहे, हेच मी विसरले होते!

मग एका मंगळवारी डॉक्टरांनी घरी जायला परवानगी दिली. आम्ही रात्रीच्या एसटीने निघालो. भाऊ बरा झाला. आज पुण्यात नोकरी करतो, दाढी ठेवतो आणि माझ्या डब्यातलं खातो. पण त्या गुरुवारी मावशी कॅरम घेऊन आल्या असतील आणि मी तिथे नव्हते. मी त्यांना ना ‘येते’ म्हटलं, ना ‘थँक्यू’. त्यांचं नावसुद्धा विचारलं नव्हतं.

भारतात परतल्यावर, २०२१ मध्ये, मी चौकशी केली. तिथल्या एका जुन्या माणसाने डोकं खाजवलं. ‘गुरुवारच्या बाई? गुरुवारी चार-पाच जणी यायच्या की हो.’ नाही सापडल्या.

तेव्हा मला टीनेकचं ते डिनर नीट कळलं. पैसा गुप्तपणे देता येतो. पेटीत टाकला, संपलं. वेळ गुप्तपणे देता येत नाही. तिथे तोंड दिसतं, आवाज ऐकू येतो, कॅरमवरचा हात लक्षात राहतो. ते तोंड विनानावाचं राहिलं, तर घेणाऱ्याच्या गळ्यात ‘थँक्यू’ कायमचं अडकून बसतं. सत्कार देणाऱ्याला मोठं करायला नसतो. तो त्या बारा वर्षांच्या पोराला आपलं ओझं उतरवता यावं म्हणून असतो.

तर सध्या माझ्या कॅलेंडरवर दर गुरुवारी पाच वाजता जांभळी पट्टी असते. परळच्या एका धर्मशाळेत जाते. पेशंट मुलांकडे जायला बरेच जण असतात, मी त्यांच्या भावा-बहिणींकडे जाते. कॅरम खेळतो. राणीच्या बागेत आता पेंग्विन आहेत, त्यामुळे माझा भाव वधारलाय! टीममधला एक नवा मुलगा परवा मी बॅग उचलल्यावर काहीतरी पुटपुटला. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

गेल्या महिन्यात लातूरकडची एक मुलगी स्ट्रायकर हातात धरून थांबली आणि म्हणाली, ‘मावशी, तुमचं नाव काय?’

मी सांगितलं. पूर्ण. आडनावासकट.

तुमच्याही कॅलेंडरवर पट्टी हवीय?

• तास एकच, पण ठरलेला. ‘जमेल तेव्हा येईन’ म्हणणाऱ्याची मुलं वाट बघत नाहीत. ठरावीक वाराला येणाऱ्याची बघतात.

• आधी संस्थेला विचारा, काय हवंय. बऱ्याचदा फुगे नको असतात, रिक्षाचं भाडं किंवा रक्तदाता हवा असतो.

• आजाऱ्याच्या भावंडाला विसरू नका. आणि त्याला आजाराबद्दल विचारू नका.

• सेल्फी नको. फोन बॅगेत.

• सर्दी-ताप असेल तर त्या दिवशी दांडी मारा. या मुलांना साधा संसर्गही महागात पडतो.

• तुमच्यासाठी कुणी असं काही केलं असेल, तर त्याचं नाव आजच विचारून घ्या.