पेशीला ‘वाढ’ असं कोण सांगतं?

उंदराचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचे डोळे मिटलेले असतात आणि ते उघडायला बारा-चौदा दिवस लागतात. १९५० च्या दशकात अमेरिकेत स्टॅनली कोहेन हे जीवरसायनशास्त्रज्ञ उंदरांच्या लाळग्रंथींचा अर्क अशा पिल्लांना टोचत होते. शोध चालला होता चेतापेशींच्या वाढीचा, पण पिल्लांचे डोळे सहा-सात दिवसांतच उघडू लागले. दुसऱ्या कुणी ही नोंद वहीच्या समासात टाकून दिली असती. कोहेन मात्र तिच्या मागे लागले आणि त्यांनी अर्कातून ५३ अमिनो आम्लांचं एक छोटं प्रथिन वेगळं काढलं. एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर, म्हणजे ईजीएफ. १९८६ चं नोबेल त्यांना रीटा लेवी-मोन्ताल्चिनी यांच्यासोबत मिळालं, त्यात या प्रथिनाचा मोठा वाटा होता.

शरीरातली पेशी आपल्या मर्जीने दुभंगत नाही. आतड्याचं अस्तर चार-पाच दिवसांत नवं होतं, जखम भरून येते, पण प्रत्येक वेळी बाहेरून निरोप यावा लागतो. ईजीएफ हा त्यातलाच एक निरोप. तो पेशीच्या आत शिरत नाही. पेशीच्या पडद्यात रुतलेल्या रिसेप्टरचं एक टोक बाहेर असतं, तिथे तो बसतो. मग असे दोन रिसेप्टर जोडीने येतात आणि आतल्या बाजूला एकमेकांवर फॉस्फेटचे गट चिकटवतात. या फॉस्फेटला धरून आणखी प्रथिनं गोळा होतात आणि त्यांच्यामार्फत निरोप पोचतो रॅस नावाच्या प्रथिनापर्यंत.

रॅसपाशी थोडं थांबायला हवं, कारण खरी गंमत इथे आहे. इमारतीच्या जिन्यात एक दिवा असतो, बटण दाबलं की लागतो आणि थोड्या वेळाने आपोआप विझतो. रॅस तसा आहे. जीडीपी हा रेणू धरून बसला असेल तर तो बंद. निरोप आला की जीडीपी सुटतो, जीटीपी बसतो आणि रॅस चालू होतो. पुढे रॅफ, मेक, ईआरके ही प्रथिनं एकामागून एक जागी होतात, शेवटी केंद्रकातली जनुकं कामाला लागतात आणि पेशी विभाजनाची तयारी करते. तोवर रॅसने जीटीपीतला एक फॉस्फेट तोडून त्याचा पुन्हा जीडीपी केलेला असतो, म्हणजे रॅस बंद. हे तोडणं त्याला एकट्याने फार सावकाश जमतं. गॅप नावाचं मदतनीस प्रथिन आपली एक आर्जिनिनची कडी रॅसच्या खोबणीत खुपसतं, तेव्हा कुठे ते झपाट्याने होतं.

त्या खोबणीच्या तोंडाशी रॅसचं बारावं अमिनो आम्ल आहे, ग्लायसिन. सगळ्या अमिनो आम्लांत सर्वांत लहान, म्हणूनच तिथे जागा मोकळी राहते. १९८२ मध्ये अमेरिकेतल्या तीन गटांनी मूत्राशयाच्या कर्करोगाच्या पेशींतलं रॅसचं जनुक वाचलं, तर हजारो अक्षरांत एकच बदललेलं: जीजीसीच्या जागी जीटीसी. त्यामुळे ग्लायसिनच्या ठिकाणी व्हॅलिन आलं. ते थोडं जाड आहे, त्यामुळे गॅपची कडी नीट बसत नाही आणि जीटीपी तुटत नाही. बाहेर ईजीएफ असो वा नसो, आत ‘वाढ’ हा हुकूम चालूच राहतो. कर्करोगाची पेशी म्हणजे अंगात बळ संचारलेली पेशी, असं चित्र आपल्या मनात असतं. मला ते दिशाभूल करणारं वाटतं. इथे नवं बळ काहीच आलेलं नाही, बंद होण्याची सोय तेवढी गेली आहे.

पण म्हणून एवढ्यावर कर्करोग होतो का? नाही. आपल्या त्वचेवरचे तीळ पाहा. तपासलेल्या तिळांपैकी बहुतेकांत रॅसच्या पुढच्या पायरीवरचं बीरॅफ हे जनुक बिघडलेलं आढळलं, अगदी त्वचेच्या मेलॅनोमा या कर्करोगात आढळतं तसंच. तरी तीळ थोडा वाढतो आणि जन्मभर तसाच राहतो. निरोप अखंड येऊ लागला की निरोगी पेशीला संशय येतो म्हणा ना! पी१६, पी५३ यांसारखी प्रथिनं तिचं विभाजन कायमचं थांबवतात. म्हणजे कर्करोग व्हायला हे पहारेकरीही निकामी व्हावे लागतात. असे बिघाड एकाच पेशीच्या वंशात एकावर एक साठायला बहुधा वर्षं, दशकं लागतात. वयाबरोबर कर्करोग वाढतो, याचं एक मोठं कारण हेच.

बिघाड कुठल्या पायरीवर आहे हे कळलं की औषधाचं गणित बदलतं. मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगात सेटुक्सिमॅब हे औषध ईजीएफचा रिसेप्टर बाहेरून झाकतं. पण रॅसच बिघडलेला असेल तर दाराशी पहारा बसवून उपयोग काय, हुकूम आतूनच सुटतो आहे! म्हणून हे औषध सुरू करण्याआधी गाठीच्या तुकड्यावर रॅसची तपासणी करतात. रिपोर्टमध्ये ‘केआरएएस म्युटेटेड’, म्हणजे रॅसचं एक रूप बिघडलेलं, असं दिसलं की डॉक्टर ते एकटं देत नाहीत. रुग्णाच्या नातेवाइकांना वाटतं चांगलं औषध नाकारलं, आणि ते समजावून सांगायला ओपीडीत वेळ नसतो.

खुद्द रॅसला अडवणारं औषध मंजूर व्हायला मात्र २०२१ उजाडलं. सोटोरॅसिब. तेही फक्त बाराव्या जागी सिस्टीन आलेल्या रॅसवर चालतं, कारण सिस्टीनमधल्या गंधकाला ते कायमचं चिकटतं. हा बदल धूम्रपान करणाऱ्यांच्या फुप्फुसाच्या कर्करोगात अधिक दिसतो. आतड्याच्या कर्करोगात मात्र हे औषध एकटं तोकडं पडलं. वाढीचा निरोप पुढे पोचला की पेशी मागच्या पायऱ्यांना जरा दाबून ठेवते. रॅस अडवला की हा दाब सुटतो, ईजीएफचा रिसेप्टर नव्या जोमाने हाका मारू लागतो आणि औषधाच्या तावडीत न सापडलेले रॅस जागे होतात. त्यामुळे आतड्याच्या अशा रुग्णांना आता दोन औषधं जोडीने देतात, एक रॅसवर आणि दुसरं रिसेप्टरवर.